हुकूम घरातूनच आला

१

अनिल साळवी निर्दोष होता, आणि ते चार माणसांसमोर सिद्धही झालं.

आता हे वाक्य कोणी वाचलंच नाही असं धरून चालू. कारण त्या मंगळवारी दुपारी हातखंब्याच्या आंबा उत्पादक संघात असं वाक्य तोंडातून काढायची कोणाची तयारी नव्हती. खुद्द अनिलचीसुद्धा.

त्याला जाग आली ती दारावर बसणाऱ्या लाथांनी. कॉम्प्युटरच्या खोलीत आतून कडी घालून तो झोपला होता. मे महिना होता, आणि संघाच्या आवारात गार म्हणाव्या अशा जागा दोनच होत्या. एक ही खोली. दुसरी आमरसाचे डबे ठेवायची कोठी. कोठीत उणे अठरा असतं. तिथे झोपलेला माणूस लाथांनी उठत नाही.

"उघड मेल्या!" बाहेर अध्यक्ष सखारामकाका जोगळेकर ओरडत होते. "भास्करराव कोठीत अडकलेत! दार हलत नाहीये!"

कोठीचं सरकतं दार मोटरवर चालायचं आणि मोटर कॉम्प्युटरचं ऐकायची. आतून उघडायचं बटण गेल्या हंगामात तुटलं होतं. त्याच्या दुरुस्तीचा अर्ज व्यवस्थापक भास्करराव पटवर्धनांनीच "अनावश्यक" असा शेरा मारून परत पाठवला होता. अनिलने कीबोर्डवरून उघडायचा हुकूम दिला. पलीकडे मोटर घरघरली.

भास्करराव उभेच होते. मिशीला बर्फ धरला होता, ओठ जांभळ्या रंगाचे झाले होते, आणि हजेरी घ्यावी तशी कामगारांची नावं ते एका सुरात म्हणत होते. स्ट्रेचर नव्हतं, म्हणून त्यांना आंब्याच्या पेट्यांच्या हातगाडीवरून गाडीपर्यंत नेलं. गेटपाशी त्यांचा आवाज थांबला तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपलं. पण हजेरीतली नावं संपली होती.

गाडी गेल्यावर अनिल परत खोलीत आला. मशीनने काय लिहून ठेवलंय ते त्याने पाहिलं आणि तो पहिल्याच ओळीवर अडकला.

*दार दोन बंद. हुकूम: घरचा.*

घरचा म्हणजे ह्याच खोलीतून दिलेला. खोलीला आतून कडी होती. आणि आत एकटा अनिल होता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी राही गुरव स्कूटरवरून आली. ती शहरातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. काकांना पोलीस नको होते. ऐन हंगामात गेटला सील लागलं तर सगळ्यांचा आंबा सडला असता. राही त्यांच्याच गावच्या गुरवाची मुलगी, म्हणजे परकी नाही, एवढ्यावर त्यांनी तिला बोलावून घेतलं होतं.

हेल्मेट काढता काढता ती म्हणाली, "मी वाटेतून तुम्हाला फोन केला होता, काका. काकूंनी उचलला."

"तो फोन घरीच असतो. मला नाही जमत ते. काय निरोप असेल तो विमल घेते, आणि इथल्या लँडलाईनवर मला सांगते."

"पण संघाच्या ग्रुपवर मीही आहे, तिथे तर तुम्ही सारखे असता. आत्ता दहा मिनिटांपूर्वी तुम्ही 'सुप्रभात' म्हणालात."

"म्हणालो असेन," काका गंभीरपणे म्हणाले. मग त्यांनी अनिलकडे बोट केलं. "हा तो. दिवेलागणीपर्यंत उत्तर मिळालं तर ठीक. नाही तर मीच ह्याला चौकीवर नेऊन बसवतो. सरळ खुनाचा प्रयत्न. माझ्या हयातीत संघात असं झालेलं नाही."

रात्रभर अनिलला एकच गोष्ट खात होती. लहानपणी तो झोपेत चालायचा. एकदा झोपेत उठून त्याने शेजाऱ्यांची म्हैस सोडली होती. म्हैस सोडणारा माणूस दार लावणार नाही कशावरून?

राही त्याच्यासमोर बसली. "जेवलास काय काल?"

"हो. डबा खाल्ला, मग डोळा लागला."

"झोपेत कधी टाईप केलंयस?"

त्याने मान खाली घातली. "माहीत नाही."

"बरं. ही मशीन काय काय करतात ते मला सांग. नवीन काही केलंस का इतक्यात?"

अनिलने सांगितलं. कपाटात दोन मशीन होती. मागचं जुनं. कोठ्यांचं तापमान आणि दारं तेच सांभाळायचं. आठ दिवसांपूर्वी सभासदांनी हट्ट धरला, आम्हाला घरबसल्या मोबाईलवर कोठी दिसली पाहिजे. मागच्या मशीनला थेट बाहेरच्या जगात सोडणं धोक्याचं, म्हणून त्याने त्याच्यापुढे दुसरं मशीन बसवलं. बाहेरून कोणी काही विचारलं की ते पुढच्याने ऐकायचं, आत जाऊन मागच्याला सांगायचं, आणि मागचं देईल ते उत्तर बाहेर आणून पोचवायचं.

"आणि दारं? ती मोबाईलवरून लावता येतात?"

"छे! बाहेरच्याला फक्त दिसतं. दार उघडं की बंद, एवढंच. हुकमाचं बटण फक्त घरच्याला. घरचा म्हणजे ह्या खोलीतला. त्याला मागचं मशीन पासवर्डसुद्धा विचारत नाही."

"हे सगळं तू नीट तपासून पाहिलंस?"

"रोज पाहतो. इथेच बसून."

राहीने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पण ती काही बोलली नाही, आणि अनिलला वाटलं, हिलाही पटलं.

३

कोठीचा ऑपरेटर धोंडू मांडवकर याला बोलावलं तेव्हा तो आधीच रागात आला.

"माझ्या भावाच्या लग्नाला पटवर्धन सायबांनी रजा दिली नाय, ह्यं खरं हाय. मी बोल्लो पन व्हतो, तुमी गारठून मराल म्हनून. सगल्यांसमोर बोल्लो."

"मग?"

"मग काय! मना मारायचाच असता तर हातानं मारला असता, बाय. मशीन कशाला? मना ह्या खोलीत आजपावेतो पाय ठेवू दिला नाय. चप्पल काढून बी नाय."

"काल दुपारी कुठे होतास?"

"गेटवर. दोन टेंपो भरीत व्हतो. इचारा कोनाला बी."

विचारलं. टेंपो खरोखर भरले होते, आणि एक तर चुकीच्या गावाला गेला होता.

मग राहीने इस्पितळात फोन लावून स्पीकरवर टाकला. भास्करराव मे महिन्यात तीन घोंगड्यांत होते आणि आवाजात अजून दात वाजत होते.

"साळव्यानेच केलंय. परवाच मी त्याला झोपताना पकडलं होतं."

"आत असताना काय काय ऐकू आलं, भास्करराव? अगदी आठवेल ते सांगा."

"दार सरकलं. मी धावलो, तोवर खटका बसला. मग शेजारच्या गोदामाच्या दाराचा खटका. मग पलीकडे मालाच्या फाटकाचा. एकामागून एक. जसा काही कोणी चालत चालत..." पलीकडे बराच वेळ नुसते दात वाजले. "आणि मग काहीच नाही. तुम्हाला माहीत आहे का, त्या थंडीत आपलाच आवाज दुसऱ्या कोणाचा वाटतो? मी हजेरी घेत होतो. एका नावाला कोणीतरी 'हजर' म्हणालं."

राहीने फोन ठेवला. काकांनी उगीचच एसी बंद केला.

"मला ती कोठी बघायची आहे," राही उठत म्हणाली. "आत जाऊन. तुम्ही तिघं इथेच बसा. अनिल, हात वर कर. वर म्हणजे डोक्याच्या वर. काका, ह्याच्या हातांवर नजर ठेवा. धोंडू, तू काकांवर ठेव."

"माझ्यावर?" काका म्हणाले.

"सगळ्यांवर ठेवायची, काका. आणि अनिल, फोन चालू राहू दे."

४

दुपारची जेवणं नुकतीच उरकली होती. काका मधल्या वेळात घरून आलेला डबा खाऊन ढेकर देत होते. अनिल हात वर करून बसला होता. टेबलावर ठेवलेल्या त्याच्या मोबाईलमधून राहीची पावलं ऐकू येत होती.

"आले आत," ती म्हणाली. "बाप रे. दार सताड उघडं राहू दिलंय मी. बटण तर मुळापासूनच..."

पडद्यावर एक ओळ उमटली.

*दार दोन बंद. हुकूम: घरचा.*

कीबोर्डला कोणी शिवलेलं नव्हतं. अनिलचे हात हवेत होते. काकांचे मांडीवर होते. धोंडूचे दोन्ही हात तोंडावर होते.

आवाराच्या त्या टोकाला मोटर घरघरली. मोबाईलमधून राहीची हाक आली, एकच, आणि मग खटका. फोन तुटला.

*दार तीन बंद. हुकूम: घरचा.*

*फाटक बंद. हुकूम: घरचा.*

"आयशप्पत," धोंडू पुटपुटला. "घरात कोन हाय आजून?"

त्या तिघांनी एकदम मागे पाहिलं. मागे फक्त कपाट होतं आणि कपाटात दोन दिवे लुकलुकत होते, हिरवे, शांत. अनिल त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याला राही आठवली, आणि हात खाली घेऊ की नको हे विचारायलाही न थांबता तो कीबोर्डवर पडला.

*दार दोन उघडले.*

राही स्वतःच्या पायांनी चालत आली. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. कोणी काही विचारायच्या आत तिने दोन कप चहा घेतला, एकामागून एक.

"बघितलंत ना, काका?" अनिल म्हणाला. "माझे हात वर होते!"

काकांच्या चेहऱ्यावर भीती होती, पण ते मागे हटले नाहीत. "तू आधीच मशीनला शिकवून ठेवलं असशील. रोज दुपारी माणूस मार म्हणून. शिकवता येतं की नाही, राही?"

"येतं," राहीने कबूल केलं.

अनिलला चौकीचं लाकडी बाक दिसलं.

"सायेब, ह्यं मान्साचं काम नाय," धोंडू म्हणाला. "बसवल्यावर नारल कोनी दिला काय? गाऱ्हाना घातला काय? नाय! म्हनून कोपलाय."

काका विचारात पडले. मग त्यांनी धोंडूला नारळ आणायला पाठवलं.

५

कोकणात नवीन पंपालासुद्धा गाऱ्हाणं घालतात, तेव्हा त्यात विशेष काही नव्हतं. अडचण एवढीच, की गाऱ्हाणं घालायला गुरव लागतो, आणि हाताशी असलेली एकमेव गुरव भुवयांवरचं पाणी पुसत बसली होती.

"हे बाबा करतात. मी नाही."

"रक्त तेच आहे ना? घाल," काका म्हणाले. अनिलने मशीनवर प्लॅस्टिक पांघरलं, कारण नारळाचं पाणी आत गेलं असतं तर उरलेला पुरावाही गेला असता. राहीने कपाळाला हात लावला, उभी राहिली, आणि लहानपणापासून कानावर पडलेल्या सुरात सुरू झाली.

"बा म्हाराजा, ह्या कपाटातल्या राखनदारा!"

"व्हय म्हाराजा!" धोंडू गरजला.

"आज तुज्या दारात गाऱ्हाना घालतंय, कोनाच्या वतीनं, तर जोगळेकरांच्या सखारामच्या वतीनं, मुक्काम..."

ती थांबली.

"व्हय म्हाराजा!" धोंडू सवयीने म्हणाला.

राही वळली. डोळे मोठे झाले होते. "धोंडू, गाऱ्हाणं घालताना देवाला आवाज कोणाचा ऐकू येतो?"

"गुरवाचा."

"रांगेत दहा माणसं असली तरी?"

"तरी बी गुरवाचाच. बाकीचे नुसते व्हय म्हनतात."

"मग मागणारा कोण ते देवाला कसं कळतं?"

"गुरव सांगतो ना. नाव, गाव, वाडी."

"आणि गुरव नाव सांगायला विसरला तर?"

धोंडूने डोकं खाजवलं. "मग देवाला वाटंल, गुरवच मागतोय."

अनिल खुर्चीतून उठला होता. रक्त उतरलेल्या चेहऱ्याने त्याने पुढच्या मशीनची फाईल उघडली. बाहेरचं ऐकून आत नेण्याची ओळ होती. उत्तर परत आणायची ओळ होती. आणि कोणाच्या वतीने आलोय ते सांगायची ओळ, ज्यात मूळ मागणाऱ्याचा पत्ता जातो, ती नव्हतीच. राहून गेली होती.

"मागच्याला फक्त पुढचं मशीन दिसतंय," तो हळू बोलला. "आणि पुढचं राहतं ह्याच खोलीत. म्हणजे घरचं. बाहेरून कोणीही काहीही म्हणालं तरी मागचं समजतंय की..."

"घरचाच हुकूम आहे," राही म्हणाली. "आणि तू रोज तपासत होतास ते इथे बसून. इथून बटण दिसणारच. तू खरोखरच घरचा आहेस." तिने आपल्या मोबाईलवर सभासदांची लिंक उघडली आणि तो टेबलावर ठेवला.

*दार दोन: उघडे.* लाल अक्षरांत. खाली टपोरं बटण होतं. *बंद करा.*

कोणीही त्याला हात लावला नाही. आठ दिवस हे बटण सगळ्यांच्या खिशात होतं. ग्रुपवरचा प्रत्येक बागायतदार, त्यांचे मुंबईतले भाऊ, ज्याला ज्याला कोणी लिंक पुढे पाठवली तो जो कोणी असेल तो, सगळं जग आठ दिवस ह्या कोठीचं घरचं माणूस होतं. अनिल टेबलापासून मागे सरकला. काल निदान एक माणूस घाबरवत होता, तो स्वतः. आता मोजता येत नव्हते.

"म्हणजे खुनी ह्या ग्रुपमध्ये आहे," काका दबक्या आवाजात म्हणाले.

"खुनी दार निवडतो, काका. ज्यात माणूस आहे ते. इथे काल काय झालं? जेवढी उघडी होती तेवढी सगळी लागली. आज पण तसंच. कोठी, गोदाम, फाटक, ओळीने. बाहेरच्याला आत माणूस आहे की नाही हे दिसतच नाही. हा कोणी कोणाला मारत नाहीये." ती क्षणभर थांबली. "हा आवरतोय."

"आवरतोय?"

"दोन्ही वेळा जेवणं झाल्यावर. घरात झाकपाक करतात तशी. अनिल, ती राहिलेली ओळ घाल. नाव फक्त लिहून घे, अजून कोणाला अडवू नको. मग सगळी दारं उघड. धोंडू, प्रत्येक दारापाशी एकेक माणूस उभा कर. कोणालाही आत सोडायचं नाही. आणि काका, चहा कधी घेतात तुमच्याकडे?"

६

चारच्या सुमारास सगळे पडद्यासमोर बसले होते. प्रत्येकाने मोबाईल टेबलावर ठेवला होता, काका सोडून. खिडकीबाहेर हायवेवरचे ट्रक जात होते आणि त्या प्रत्येक घरघरीला अनिल दचकत होता. ओळ आली नाही तर? आली आणि पुन्हा घरचाच म्हणाली तर?

ओळ आली.

*दार दोन बंद. हुकूम: बाहेरचा.* आणि पुढे पत्त्याचे आकडे.

आकड्यांवरून माणूस ओळखू येत नाही. पण राहीने आकड्यांकडे पाहिलंच नाही. तिने लँडलाईन ओढली, स्पीकर लावला आणि काकांच्या मोबाईलचा नंबर फिरवला.

"हॅलो, कोण गो? हे संघात गेलेत. काय निरोप?"

"काकू, मी राही. आत्ता काय करत होतात?"

"मी? काय करणार! चहा झाला, आता ह्यांच्या मोबाईलवर ते संघाचं बघत होते." विमलाकाकूंचा आवाज चढला. "काय मेली माणसं आहेत गो तिथली! कधी बघावं तर दारं सताड उघडी. लाल अक्षरांत दिसतं, तरी कोणाला लाज नाही. मग कालपासून मीच लावते."

"का लावता, काकू?"

"का म्हणजे? माकडं शिरतील! परवा आमच्या मागल्या पडवीतून अख्खी पेटी नेली, आणि वर माझ्याकडे बघून दात विचकले. दार उघडं दिसलं की मला बसवतच नाही. ह्यांनीच सांगून ठेवलंय, मोबाईलवर काय काम येईल ते करून टाकत जा म्हणून." मग आवाज मऊ झाला. "भास्कररावांचं कसं आहे गो? ऐकून मला रात्रभर झोप नाही. कोण असेल तो राक्षस?"

काका फोनकडे असे बघत होते जणू तो आत्ता दात विचकेल.

"सापडेल, काकू," राही म्हणाली आणि फोन ठेवला.

अनिलला इतका मोठा श्वास आला की चक्कर आली. "काका, मी निर्दोष आहे," तो म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"हो," काका म्हणाले. ते एकाएकी फार म्हातारे दिसायला लागले होते. "पण तिला हे कळता कामा नये. ती जगायची नाही. राही, धोंडू, ऐकताय ना? तिचं नाव कुठेही यायचं नाही."

"मग कागदावर कोणाचं येणार?" अनिलने विचारलं. "भास्करराव लेखी मागतायत. दार कोणी लावलं ते. काका, माझं नाव निघालं पाहिजे. लेखी."

"निघेल रे."

"कधी?"

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. कुंपणावर कोणीतरी बसलं होतं आणि शेपटी हलवत होतं.

"टाईप कर," ते म्हणाले.

अनिलने टाईप केलं.

प्रति,
मा. वन अधिकारी साहेब,
यांचे सेवेशी.

विषय: परिसरातील माकडांकडून हमीपत्र मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, संघाच्या शीतकोठीचे दार दोन वेळा बंद होऊन आमचे व्यवस्थापक व एक पाहुण्या प्राध्यापिका यांच्या जिवावर बेतले. चौकशीअंती सदर दार हे माकडे आत शिरतील या रास्त भीतीपोटी बंद झाल्याचे निष्पन्न झाले आहे. सदर भीती माकडांनी आपल्या वर्तनाने निर्माण केलेली असल्याने या घटनेस ती सर्वस्वी जबाबदार आहेत.

तरी आपल्या हद्दीतील सर्व माकडांना समक्ष बोलावून, यापुढे उघड्या दारातून आत जाणार नाही असे हमीपत्र त्यांच्याकडून अंगठ्यासह घेण्यात यावे, व त्याची साक्षांकित प्रत संघास द्यावी. सदर प्रत प्राप्त होताच श्री. अनिल साळवी यांचे नाव संशयितांमधून वगळण्यात येईल.

कृपया विनाविलंब कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.